'भूमिके'चे दोन अर्थ : महाजालावरील बहुखेळाडू खेळांतील खेळीमेळी आणि चढाओढ

मराठीत 'खेळ' या शब्दाचा संसार मोठा आहे. आट्यापाट्यांचा खेळ, पत्त्यांचा खेळ, नशिबाचा खेळ आणि नाटकाचा रात्रीचा खेळ या सर्वांना तो एकच शब्द पुरतो. इंग्रजीने 'प्ले' आणि 'गेम' यांच्यामध्ये जी रेघ ओढली ती मराठीने ओढलेली नाही. मराठीने भेद केला तो निराळ्या ठिकाणी. एकीकडे 'खेळीमेळी' आणि दुसरीकडे 'चढाओढ'. पहिल्या शब्दात खेळाइतकाच मेळही आहे, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. महाजालावरील बहुखेळाडू भूमिका-खेळांचा विचार करताना ती महत्त्वाची ठरते. या खेळांविषयीच्या लेखनात 'सहज खेळणारा' आणि 'कसून खेळणारा' असे दोन मनुष्यप्रकार कल्पून वाद घालण्याची रीत आहे. परंतु हा ताण दोन प्रकारच्या माणसांमधला नसून या कलाप्रकाराच्या घडणीतलाच आहे, असे त्याच्या इतिहासावरून दिसते.

हा इतिहास थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' या केवळ शब्दांतून उभ्या राहणाऱ्या सामायिक जगाची सुरुवात केली आणि रिचर्ड बार्टल यांनी ते पुढे वाढवले. १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन', १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' आणि नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' अशी चित्ररूप जगे आली. खेळाडू झोपी गेला तरी हे जग चालू राहते. त्याला अखेरचे पान नाही. कोणी 'जिंकला' असे जाहीर होऊन खेळ संपत नाही. तत्त्वतः ज्या खेळात विजेता नाही त्यात स्पर्धेचा दाब येतो कोठून, हा खरा प्रश्न आहे.

बार्टल यांनी १९९६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात खेळाडूंचे चार वर्ग केले : साध्य मिळवणारे, धुंडाळणारे, माणसांसाठी येणारे आणि इतरांना छळण्यात रमणारे. वर्गीकरण सुटसुटीत आहे आणि म्हणूनच ते फार वापरले गेले. त्यात खेळाडूचा स्वभाव आधीच ठरलेला असतो. प्रत्यक्षात तोच मनुष्य सोमवारी रानावनात भटकतो आणि बुधवारी रात्री घड्याळाकडे पाहत राक्षसाशी झुंजतो. बदल स्वभावात झालेला नसतो, त्याच्याकडून असलेल्या अपेक्षेत झालेला असतो.

ही अपेक्षा 'भूमिका' या शब्दात दडलेली आहे. नाट्यातील भूमिका म्हणजे पात्र : नाव, कुळ, वेष, बोलण्याची तऱ्हा. भूमिका-खेळांचा उगम याच अर्थातून झाला. परंतु 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये खेळाडू जेव्हा दुसऱ्याला 'तुझी भूमिका कोणती?' असे विचारतो, तेव्हा त्याला पात्राची जन्मकथा ऐकायची नसते. शत्रूचे घाव अंगावर घेणारा, सोबत्यांच्या जखमा भरून काढणारा आणि शत्रूवर प्रहार करणारा या तिहींपैकी तू कोण, एवढेच त्याला हवे असते. पात्र मागे पडून कार्य उरते. एकाच शब्दाच्या पोटात झालेला हा अर्थपालट म्हणजे या कलाप्रकाराची सारी कहाणी आहे, असे म्हटले तरी चालेल. पात्राला चुकण्याची मुभा असते. किंबहुना पात्र चुकते म्हणून कथा घडते. कार्याला ती मुभा नाही.

येथे खेळाच्या सिद्धान्तांची थोडी अडचण होते. योहान हायझिंगा यांचा 'होमो लुडेन्स' (१९३८) आणि रोजे कायवा यांचा 'ले झ्यू ए लेझोम' (१९५८) हे या विषयाचे दोन आधारग्रंथ. कायवा यांनी स्पर्धा, दैव, अनुकरण आणि भोवळ अशी चार तत्त्वे मांडली आणि मुक्त बागडण्यापासून नियमबद्ध खेळापर्यंत एक पट्टी आखली. त्यांच्या स्पर्धेत प्रतिस्पर्धी समोर उभा असतो आणि दोघांना सारखी संधी मिळावी म्हणून नियम असतात. चाळीस जणांच्या मोहिमेत मात्र समोरचा राक्षस हा प्रतिस्पर्धी नव्हे. तो यंत्राने ठरवून दिलेल्या क्रमाने हालचाली करतो. दाब येतो तो शेजारी उभ्या असलेल्या मित्राकडून. एकाची चूक म्हणजे एकोणचाळीस जणांची गेलेली संध्याकाळ. ही चढाओढ नव्हे, हे दायित्व आहे. आणि दायित्वाचा भार चढाओढीपेक्षा जड असतो, कारण त्यात हरल्यानंतर ज्यांच्याकडे तोंड करायचे ती आपलीच माणसे असतात.

दायित्व आले की हजेरीपट येतो. 'एव्हरक्वेस्ट'मधील मंडळांनी लुटीच्या वाटपासाठी गुणांची एक पद्धत काढली. ड्रॅगनच्या शिकारीवरून तिला 'ड्रॅगन किल पॉइंट्स' असे नाव पडले. मोहिमेला जितक्या वेळा हजर, तितके गुण. गुण खर्चून चिलखत किंवा तलवार घ्यायची. पद्धत न्याय्य होती आणि खेळाडूंनी स्वतःच ती घडवली होती, हे विसरता कामा नये. पुढे 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये प्रत्येकाने किती प्रहार केला याचा ताळेबंद पडद्याच्या कोपऱ्यात दाखवणारी मापके आली. ही मापकेही खेळाडूंनीच लिहिली. त्यानंतर लढाईच्या नोंदी साठवून खेळाडूंची प्रतवारी लावणारी संकेतस्थळे निघाली. त्यांतील 'वॉरक्राफ्ट लॉग्ज'ची रंगयोजना सूचक आहे. खालच्या प्रतीला करडा, मग हिरवा, निळा, जांभळा आणि वर नारिंगी हे रंग तेथे खेळाडूच्या कामगिरीला दिले जातात. खेळाच्या जगात हेच रंग याच क्रमाने वस्तूंच्या दुर्मीळतेसाठी वापरलेले आहेत. लूट मिळवायला आलेला मनुष्य स्वतःच लुटीच्या मालासारखा रंगवला जातो, आणि त्याला त्याचे वावगे वाटत नाही.

हायझिंगा यांच्यासंबंधी येथे एक गोष्ट नोंदवावीशी आहे. 'होमो लुडेन्स'मध्ये त्यांनी संस्कृतातील 'क्रीडा', 'दिव्', 'विलास' आणि 'लीला' या शब्दांची चर्चा केली आहे, ती उसनवारीने नव्हे. १८९७ साली ग्रोनिंगन येथे त्यांनी सादर केलेला प्रबंध संस्कृत नाटकातील विदूषकावर होता. खेळाच्या या तत्त्वज्ञाने आपल्या अभ्यासाचा आरंभ विदूषकापासून केला, हे तौलनिक अभ्यासकांनी गांभीर्याने घेण्यासारखे आहे. विदूषक कथानकाच्या दृष्टीने बहुधा अकार्यक्षम असतो. पुष्कळदा त्याच्यामुळे गुपित फुटते आणि नायक अडचणीत येतो. तरी त्याला वगळून राजाचा विरह उभा राहत नाही.

या कलाप्रकारालाही आपला विदूषक मिळाला. २००५ मध्ये 'लिरॉय जेनकिन्स' नावाच्या पात्राची एक छोटी चित्रफीत प्रसृत झाली. एक तुकडी दाराशी थांबून गंभीरपणे योजना आखते आहे, यशाची शक्यता टक्क्यांच्या अपूर्णांकापर्यंत मोजते आहे. खाण्याच्या नादात दूर गेलेला लिरॉय परततो, काहीही न ऐकता स्वतःच्याच नावाची आरोळी ठोकून आत धावतो आणि साऱ्यांचा नाश ओढवतो. सोबती शिव्या घालतात. तो हातातल्या कोंबडीवर समाधान मानतो. हा प्रसंग उत्स्फूर्त नव्हता, रचलेला होता. त्यामुळे त्याचे मोल कमी न होता वाढते, कारण मग तो अपघात न राहता टीका ठरतो. संस्कृत विदूषकाचे खादाडपण आणि लिरॉयची कोंबडी यांत साम्य शोधणे काहींना अतिरेकी वाटेल. परंतु योजनेच्या राज्यात भूक हाच एक युक्तिवाद उरतो, हे दोन्हीकडे सारखेच आहे. खेळाच्या निर्मात्यांनी पुढे लिरॉयला आपल्या जगात अधिकृत स्थान दिले. दरबार विदूषकाला असेच सामावून घेतो.

निर्मात्यांनी या ताणावर जे उपाय योजले ते दोन तऱ्हेचे आहेत. 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये वाटमारी आणि खून यांमुळे शांतपणे सुतारकाम करणारे, मासे धरणारे रहिवासी त्रासून गेले, तेव्हा २००० साली साऱ्या जगाची दुसरी प्रत काढण्यात आली. 'फेलुका'त पूर्वीचे भय कायम राहिले. 'ट्रॅमेल'मध्ये तीच नगरे आणि तेच रस्ते होते, पण संमतीवाचून कोणी कोणाला मारू शकत नव्हते. एका संहितेच्या दोन आवृत्त्या, एक भयासह आणि एक भयाविना, अशी ही घटना साहित्याच्या इतिहासात सापडणे कठीण. शालेय पाठ्यपुस्तकांसाठी काढलेल्या सोवळ्या प्रती तिच्या जवळपास येतात, इतकेच. लोक मोठ्या संख्येने ट्रॅमेलमध्ये गेले आणि फेलुकातील लांडग्यांना मेंढरे मिळेनाशी झाली.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने जग दुभंगले नाही, पायऱ्या केल्या. आरंभी चाळीस जणांची असणारी मोहीम २००७ मध्ये पंचवीस आणि दहा जणांवर आली. २००६ मध्ये उघडलेला 'नॅक्सरामस' हा किल्ला फार थोड्यांनी आतून पाहिला होता. २००८ मध्ये तोच सोपा करून पुन्हा मांडण्यात आला. डिसेंबर २००९ पासून यंत्र निरनिराळ्या सर्व्हरांवरील अनोळखी माणसांना जुळवून पाच जणांचे पथक तयार करू लागले आणि नोव्हेंबर २०११ पासून मोठ्या मोहिमांनाही हीच सोय झाली. पुढे या सोप्या मोहिमांत आणखी एक सवलत आली : पथक हरले की पुढच्या खेपेला त्याचे बळ वाढते, पुन्हा हरले की आणखी वाढते.

मराठी मुलांच्या खेळात यासाठी फार नेमका शब्द आहे : कच्चे लिंबू. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य द्यायचे नाही. तो बाद झाला तरी बाद धरायचा नाही. यात नियम मोडत नाही, कारण नियम कोणासाठी वाकवायचा हे साऱ्या भिडूंना ठाऊक असते आणि मान्य असते. कच्च्या लिंबाचे संरक्षण नियमपुस्तकात नसते. ते ओळखीत असते. हा कोणाचा तरी धाकटा भाऊ आहे, एवढ्यावर ते चालते. यंत्राने सवलत दिली, परंतु ओळख काढून घेतली. पंचवीस अनोळखी माणसांत सर्वच कच्ची लिंबे ठरली आणि सांभाळून घेणारे थोरले भावंड कोणीच उरले नाही. त्यामुळे राक्षस सोपा झाला आणि सोबती मात्र अधिक उतावळे झाले. मागे पडणाऱ्याला मतदानाने पथकाबाहेर काढण्याची तरतूद होती आणि ती सर्रास वापरली जाई. सहज खेळण्याचा आनंद कमी काठिण्यावर अवलंबून असतो ही निर्मात्यांची समजूत येथे फसते. खेळीमेळीतला 'खेळ' त्यांनी सुलभ केला, 'मेळ' मोडला.

याविरुद्ध एक आक्षेप संभवतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. 'एव्हरक्वेस्ट'चा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या टी. एल. टेलर यांनी 'प्ले बिट्वीन वर्ल्ड्स' (२००६) या ग्रंथात कसून खेळणाऱ्यांची बाजू मांडली आहे : आकडेमोड, शिस्त, पुनरावृत्ती यांतच त्यांचा आनंद असतो, बाहेरच्याला ते कष्ट वाटतात इतकेच. मानववंशशास्त्रज्ञ बॉनी नार्डी यांनीही २०१० मधील आपल्या पुस्तकात जॉन ड्यूई यांच्या आधारे या कौशल्याला सौंदर्यानुभवाचा दर्जा दिला. ख्यालगायकाच्या रियाजाला कोणी मजुरी म्हणत नाही, तेव्हा या खेळाडूंच्या सरावालाही म्हणू नये, हे मान्यच करावे लागेल. चाळीस जणांची मोहीम जेव्हा साधते तेव्हा तिच्यात वृंदवादनाची लय असते.

तरी रियाज आणि मापक यांत भेद राहतो. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी जी सात विघ्ने सांगितली त्यांत 'निजसुखादिविवशीभाव' हे एक आहे : स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडल्याने रसिक समोरच्या नाट्याशी एकरूप होऊ शकत नाही. त्यावर नाट्यशास्त्राने उपाय सुचवला तो गीत, वाद्य, नृत्य यांचा, म्हणजे चित्त स्वतःपासून सोडवून घेण्याचा. मापक नेमके उलट करते. ते प्रत्येक क्षणी खेळाडूला त्याच्या स्वतःच्या अंकाकडे परत आणते. अर्थात येथे रससिद्धान्त जसाच्या तसा लावता येणार नाही. खेळाडू हा प्रेक्षक असतो तसाच नटही असतो, आणि नटाला रसानुभव होतो की नाही हा वाद जुनाच आहे. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी भूमिकांचा जो ऊहापोह केला आहे, त्याच्या आधारे एवढे म्हणता येईल की ही जगे अलौकिकाचे आश्वासन देऊन खेळाडूला बोलावतात आणि लौकिकाच्या सर्वांत रुक्ष साधनाने, हिशेबाने, बांधून ठेवतात. २०१६ मध्ये घड्याळ लावून खेळायच्या मोहिमा आल्या. त्यांवरून खेळाडूंना गुणांक देण्याचे काम आधी बाहेरच्या संकेतस्थळांनी केले आणि २०२१ मध्ये तो गुणांक खेळाच्या निर्मात्यांनीच अंगीकारला. अनोळखी पथकात प्रवेश मागणाऱ्याकडे आता आधी हा आकडा पाहिला जातो. ओळखीची जागा आकड्याने घेतली, असा हा व्यवहार आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये निर्मात्यांनी २००४ चे मूळ जग 'क्लासिक' या नावाने पुन्हा खुले केले. जुन्या दिवसांची ओढ लागलेल्या खेळाडूंची ती मागणी होती. नियम, नकाशे आणि राक्षस जवळजवळ जसेच्या तसे होते. पहिल्या खेपेला 'रॅग्नरॉस' या अग्निदेवतेला पराभूत करायला काही महिने लागले होते. या खेपेस तो पहिल्या आठवड्यातच पडला. बोर्हेस यांच्या १९३९ मधील कथेतला पिएर मेनार 'डॉन किहोटे' शब्दशः पुन्हा लिहितो आणि तेच शब्द वेगळे होतात, त्याची येथे आठवण होते. संहिता परत आणता आली. तिच्यापुढचे अज्ञान परत आणता आले नाही. पंधरा वर्षांत साठलेले कोष्टक प्रत्येकाच्या हाताशी होते, आणि ज्यांना केवळ भटकायचे होते त्यांनाही तू अमुक शस्त्र का घेतले नाहीस, असे विचारले जाऊ लागले.

या जगातील एका किनाऱ्यावर दर रविवारी दुपारी मासेमारीची शर्यत भरते. विशिष्ट जातीचे चाळीस मासे जो प्रथम आणून देईल तो जिंकतो. मासे धरणे हा तेथला सर्वांत निरुद्योगी उद्योग. त्यालाही घड्याळ आणि विजेता मिळाला आहे. मात्र या शर्यतीत कोणाच्या चुकीने कोणाची संध्याकाळ वाया जात नाही. हरणारे आपले मासे घेऊन किनाऱ्यावर बसून राहतात, गप्पा मारतात, आणि काही जण शर्यत संपल्यावरही गळ टाकतात.