सट्टा, ‘टीम’ आणि उचल : अमेरिकेची मोजपट्टी इथे चालेल का?

२०२५ च्या आयपीएलच्या दिवसांतली गोष्ट. कामण रोड स्टेशनवर दिव्याच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारी शाळेतला मित्र, इथल्याच एका गाळ्यात कामाला. सहज विचारलं, "सट्टा लावतोस का रे?"

"छे! सट्टा कुठला? मी फक्त टीम लावतो."

माझ्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न तिथेच बाद झाला.

आज ज्या अभ्यासाबद्दल लिहितोय, तो तुमच्यापैकी अनेकांच्या प्रपोजलमध्ये येईल. ब्रेट हॉलेनबेक, पोएट लार्सन आणि दाविदे प्रोसर्पियो यांचा २०२४ चा शोधनिबंध. १४ मे २०१८ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याला अडवणारा १९९२ चा केंद्रीय कायदा रद्द केला. त्यानंतर तीसहून जास्त राज्यांनी सट्टा कायदेशीर केला, पण वेगवेगळ्या तारखांना. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तर २०२२ मध्ये तो नाकारला. संशोधकाला याहून काय हवं? ज्या राज्यांनी मुभा दिली आणि ज्यांनी दिली नाही, त्यांची आधीची-नंतरची तुलना करायची. यालाच आपण डिफ-इन-डिफ म्हणतो.

निष्कर्ष असा : मुभा मिळालेल्या राज्यांत सरासरी क्रेडिट स्कोअर सुमारे ०.३ टक्क्याने घसरला, आणि जिथे मोबाइलवरून सट्टा लावता येतो तिथे जवळपास १ टक्क्याने. दिवाळखोरीही वाढली. निबंधाची खरी ताकद मला इथेच दिसते. ‘सट्टा वाईट’ एवढंच म्हणून ते थांबत नाहीत. खिडकीवरचा सट्टा आणि खिशातला सट्टा यांत फरक करतात.

मग अडचण कुठे आहे? हीच रचना उचलून महाराष्ट्रावर ठेवली की दोन ठिकाणी तुटते.

पहिलं, तारीख. आपल्याकडे विधानसभेने ‘आजपासून मुभा’ असा ठराव कधी केलाच नाही. १८८७ चा मुंबईचा जुगारबंदी कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना लागू होत नाही. ड्रीम११ चा खेळ कौशल्याचा आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये म्हटलं, पण ॲप त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. मग ‘आधी’ कुठे संपतं आणि ‘नंतर’ कुठे सुरू होतं? ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याचं उलटं. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि मोठ्या कंपन्यांनी लगोलग पैशांचे खेळ थांबवले. तारीख स्पष्ट आहे, पण देशभर एकच! तुलनेला राज्य उरलंच नाही.

वाट अगदीच बंद नाही. तेलंगणाने २०१७ मध्येच पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले होते, कौशल्याचेसुद्धा. म्हणजे नांदेड जिल्ह्यातलं धर्माबाद, बिलोली, देगलूर बघा. सीमेच्या एका बाजूला २०१७ पासून बंदी, दुसऱ्या बाजूला २०२५ पर्यंत ॲप चालू. बाजारहाट, सोयरीक सगळं दोन्हीकडे. पण जरा थांबा. माणूस सीमा ओलांडून खेळू शकतो, आणि ॲप बंद झालं म्हणून बुकी बंद होत नाही. मटका कायदेशीर कधीच नव्हता, तरी मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या चालला. कायदा बदलला म्हणजे सवय बदलली, हे गृहीत धरायचं नसतं, दाखवून द्यायचं असतं.

दुसरं तुटतं ते मोजमाप, आणि ते जास्त गंभीर आहे. अमेरिकेत क्रेडिट स्कोअर चालतो, कारण तिथे घर, गाडी, रोजचा खर्च, सगळ्याची उधारी कुठल्यातरी नोंदीत उतरते. आपल्याकडे?

कायदा आल्यानंतर काही महिन्यांनी तोच मित्र घरी आला. टीम लावता लावता त्याने सुपरवायझरकडून दोन महिन्यांची उचल घेतली होती. भिशीचे पैसे गेले होते. बायकोची पोत सोनाराकडे होती. बोलताना मान वर करत नव्हता. आता कुठलंही मोठं डेटाबेस उघडा, या माणसाने कधी बँकेचं कर्जच घेतलेलं नाही. त्याचा स्कोअर घसरणार कसा? माझ्या मूळ आराखड्यात तो ‘परिणाम नाही’ या रकान्यात बसला असता. आकडा बरोबर, निष्कर्ष साफ खोटा. आणि असा निष्कर्ष छापून आला की कुणीतरी म्हणणारच, "बघा, काही नुकसान झालं नाही."

म्हणून हा निबंध जरूर वाचा, पण त्यातून प्रश्न घ्या, मोजपट्टी नको. प्रपोजल लिहिताना स्वतःला तीन गोष्टी विचारा. लोक या गोष्टीला काय म्हणतात? कायद्याची तारीख आणि वागणुकीची तारीख एकच आहे का? आणि नुकसान झालं तर ते कुणाच्या वहीत लिहिलं जाईल?

माझ्या नव्या प्रश्नावलीत ‘सट्टा’ हा शब्द नाही. ‘टीम लावता का?’ असं विचारतो. त्यानंतरचा प्रश्न उचलीचा आहे. गाइडने विचारलं, "हे आर्थिक चल आहे का?" मी म्हटलं, "सर, कामणमध्ये हेच आहे."