वरातीतली दोरी आणि 'फिडलर ऑन द रूफ'

आमच्या राहुरीकडे वरात निघाली की डीजेच्या गाडीपुढे पोरं नाचतात आणि नाचणाऱ्यांभोवती चौघं-पाचजण दोरी धरून चालतात. बायका दोरीच्या बाहेर. त्यांना नाचायचं असेल तर आदल्या दिवशी हळदीला, तेही अंगणात. त्यामुळे 'फिडलर ऑन द रूफ' (१९७१) या सिनेमातलं ज्यू लग्न बघताना मला परकं वाटलं नाही. तिथेही दोरीच आहे.

झारच्या रशियातलं एक खेडं, साल १९०५. दूधवाल्या तेव्येच्या थोरल्या मुलीचं लग्न एका गरीब शिंप्याशी लागतं. दोरीच्या एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. काही पुरुष डोक्यावर बाटली तोलत, हातात हात अडकवून, गुडघ्यांवर पुढे सरकतात. मग पर्चिक नावाचा क्रांतिकारी विचारांचा तरुण दोरी ओलांडतो आणि तेव्येच्या दुसऱ्या मुलीला नाचायला बोलावतो. मनाई आहे का, असं राब्बींना विचारलं जातं. त्यांना तशी स्पष्ट मनाई सापडत नाही. हळूहळू सगळे मिसळून नाचू लागतात आणि तेवढ्यात हल्लेखोर येऊन मांडव उधळतात.

हा प्रसंग मला फार आवडतो, कारण इथे नाच थांबवून गोष्ट सांगावी लागत नाही. बाटलीचा नाच नियमात राहून मिरवतो, पर्चिकचा नाच नियम मोडतो. संवाद मोजकेच, तरी एक समाज बदलताना दिसतो.

गंमत अशी, की बाटलीच्या नाचाचं हे रूप मुळात रंगभूमीसाठी घडलेलं. मूळ नाटकाचा नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्स याने एका कर्मठ ज्यू लग्नात एक माणूस डोक्यावर बाटली ठेवून नाचताना पाहिला आणि त्यावरून सामूहिक नाच बसवला. आता लोक खऱ्या लग्नांत पैसे देऊन हा नाच बोलावतात. लग्नातून रंगमंचावर गेलेली गोष्ट परंपरा बनून लग्नात परतली. आपल्या संगीताच्या रात्रीचं हिंदी सिनेमाने हेच केलं. इथवर माझी तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. सिनेमात संकट बाहेरून येतं, झारच्या पोलिसांकडून. आतली दोरी मात्र प्रेमाने, थोड्या थट्टेने ओलांडता येते. पण आपल्याच माणसांनी नवी दोरी बांधली तर?

हा प्रश्न मला मराठी ज्यूंमुळे पडला. अलिबाग, पेण, चौल भागातले बेने इस्रायल. त्यांचा परंपरागत धंदा तेलाचा, शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव 'शनवार तेली'. आडनावं पेणकर, चेऊलकर, अष्टमकर. त्यांच्या लग्नाच्या आदल्या रात्री मेंदी, बायकांची मराठी गाणी. दुसऱ्या दिवशी प्रार्थनास्थळात नवरी आत येत असताना नवरा स्वतः तिच्यासाठी हिब्रू गीत गातो. बाटल्या नाहीत, खुर्चीवर उचलणं नाही. रील्समध्ये 'ज्यू वेडिंग डान्स' शोधलं तर हे सहसा दिसत नाही.

१९४८नंतर यांतले बहुतेक इस्रायलला गेले. १९६२मध्ये तिथल्या मुख्य राब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढलं: बेने इस्रायलचं लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. ज्यांनी कोकणात शतकानुशतकं शनिवार पाळला, त्यांना ज्यू असल्याचा पुरावा मागितला गेला. तोही लग्नाच्या वेळी. ते रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये धरणं धरलं. शेवटी ऑगस्ट १९६४मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला, की ते सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू आहेत. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये 'फिडलर'चा पहिला प्रयोग झाला.

या योगायोगाचा दोष नाटकाला देता येणार नाही. एका खेड्याची गोष्ट त्याने मनापासून सांगितली. पण तिच्यातली दोरी जुन्या रूढीची आहे आणि नव्या विचारांचा माणूस ती ओलांडतो. बेने इस्रायलच्या वाट्याला आलेली दोरी एका आधुनिक देशाने, ज्याला ते स्वतःचा समजत होते त्याने, बांधली होती. असा प्रसंग 'फिडलर'मध्ये बसत नाही.

आज इस्रायलमध्ये बेने इस्रायल घरांतली मेंदी दणक्यात होते. हॉल, साड्या, हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर नाच. कुणी म्हणेल, हे अस्सल नाही. मग बाटलीचा नाच तरी कुठे अस्सल होता? ज्यांना तुम्ही आमच्यातले नाही असं सांगितलं गेलं, ते आपलं वेगळेपण न लपवता नाचतायत, मला एवढं पुरतं.

पुढच्या महिन्यात गावाकडे लग्न आहे. वरातीत दोरीच्या आत कोण आहे यापेक्षा ती धरलीय कुणी, हे या वेळी बघणार आहे.