राक्षसाच्या पाठीवरचा हात

पिंपळनेरच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या कोकणा पाड्यांत भोवाडा होतो. संबळ वाजत राहतो आणि रात्रभर एकामागून एक सोंगं येतात. मुखवटा देवाचा असो की राक्षसाचा, चेहऱ्यावर चढण्याआधी त्याची पूजा होते. ती रात्र जागलेल्या माणसाला कोयोहारू गोतोगे यांची ‘किमेत्सु नो याइबा’ ही जपानी चित्रमालिका परकी वाटणार नाही.

2016 ते 2020 या काळात ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात तिची 205 प्रकरणं आली. 2019पासून युफोटेबल या संस्थेनं तिला पडद्यावर आणलं. काळ तैशो राजवटीचा, म्हणजे गेल्या शतकाच्या आरंभीचा. कोळसा विकणाऱ्या तांजिरोचं घर राक्षस उद्ध्वस्त करतो. वाचते ती एकटी बहीण नेझुको, आणि तीही राक्षसीण होऊन. तिला पुन्हा माणूस करण्यासाठी तो तलवार हाती घेतो.

एवढ्यावरून ही सूडकथा वाटेल. ती तशी का नाही, ते कळतं नातागुमो डोंगरावर. तिथं रुई नावाचा पोरसवदा राक्षस इतर राक्षसांना धाकानं आई, बाप, बहीण बनवून नांदवतो. त्याच्या धाग्यांपुढे तांजिरोची तलवार मोडते. मरण समोर दिसत असताना त्याला वडील आठवतात. अंथरुणाला खिळलेले तांजुरो वर्षारंभी बर्फात उभे राहून अग्निदेवतेपुढे तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत नाचत. थकायचं नाही, श्वास कसा घ्यायचा ते जाणायचं, हे त्यांनी मुलाला सांगितलेलं. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली घरची सेवा इथं लढण्याची रीत होते.

मालिकेच्या एकोणिसाव्या भागात हे दृश्य फार उंचीवर जातं. तोवर तांजिरोच्या तलवारीभोवती जुन्या जपानी लाकडी ठशांच्या चित्रांतल्यासारखं, ठळक रेषांचं पाणी उसळत असतं. त्या पाण्यातूनच आता आग निघते. गो शीना यांच्या संगीतातलं गाणं सुरू होतं आणि श्रेयनामावली चालू लढाईवरूनच सरकू लागते. गोतोगे यांची रेष खडबडीत, कधी कधी घाईची. रंग आणि आवाज या प्रसंगाला जे देतात ते कागदावर नव्हतं, हे मूळ पुस्तकावर जीव असूनही मी मान्य करतो. मालिकेचा एक दोष मात्र खटकतो. डोळ्यांना जे दिसलेलं असतं तेच पात्रं पुन्हा मनातल्या मनात बोलून दाखवतात.

आणि एवढ्या तयारीनंतर काय होतं? राक्षसाचं मुंडकं उडतं, आपण सुस्कारा सोडतो. पुढच्या भागात कळतं की तांजिरोचा वार पोहोचण्याआधी रुईनं आपल्याच धाग्यानं स्वतःची मान कापून घेतली होती. तो जिवंत आहे. कथेतला सर्वांत देखणा वार वाया गेला! रुईला संपवतो तो राक्षसांचा शिकारी गियू तोमिओका, अगदी सहज, जवळजवळ कोरडेपणानं. गोतोगे यांचं धाडस मला इथं दिसतं. नायकाला विजय नाकारून त्याच्यासाठी त्यांनी दुसरंच काम राखून ठेवलं आहे.

मुंडकं नसलेलं ते लहानसं धड चालत येतं आणि तांजिरो-नेझुकोजवळ कोसळतं. तांजिरोला त्यातून अपार दुःखाचा वास येतो. तो त्याच्या पाठीवर हात ठेवतो. त्या उबेनं रुईला आठवतं की त्याच्या खऱ्या आईबापांना त्यानंच मारलं होतं. तेच आईबाप त्याला कवेत घेतात आणि त्याच्याबरोबर नरकाच्या आगीत जातात. त्याच्या पापाला माफी नाही, पण त्याला एकट्यालाही सोडलेलं नाही. पूजा केलेला राक्षसाचा मुखवटा पाहिलेल्यांना हा न्याय ओळखीचा वाटेल.

उरतात ते रुईचे कपडे. गियूचा पाय त्यांच्यावर पडतो. पाय काढा, हाही कधी माणूसच होता, असं जखमी तांजिरो त्याला विनवतो. गियू त्याच्याकडे नीट पाहतो आणि पूर्वी भेटलेल्या या बहीण-भावाला ओळखतो. तेवढ्यात त्याची सहकारी शिनोबू हिची तलवार नेझुकोवर झेपावते. ती अडवणारा हाच गियू असतो.