वाळव्यातून मुंबईला गेलेली गाणी

पठ्ठे बापूरावांचे रेठरे हरणाक्ष आणि अण्णाभाऊ साठ्यांचे वाटेगाव ही दोन्ही गावे सांगली जिल्ह्यातल्या वाळवे तालुक्यातली. बापूराव म्हणजे १८६६ साली कुलकर्ण्यांच्या घरात जन्मलेले श्रीधर कृष्णाजी. अण्णाभाऊ १९२० सालचे, मातंग समाजातले तुकाराम भाऊराव. दोघांनीही मुंबई पाहिली आणि दोघांनीही तिच्यावर लावणी रचली. तरी आपले समीक्षक एकाला शृंगाराच्या प्रकरणात टाकतात, दुसऱ्याला चळवळीच्या. या दोघांची गाणी अजून का ऐकली जातात, याचे उत्तर या विभागणीतून मिळत नाही.

बापूरावांची मुंबई नवलाईची आहे. पण तिचे वर्णन करताना त्यांना अयोध्या आठवत नाही, रावणाची लंका आठवते. सोन्याची खरी, पण रावणाची. हा खोचकपणा नुसत्या 'मुंबईस्तुती'त बसत नाही. अण्णाभाऊंच्या 'मुंबईची लावणी'त एकीकडे मलबार हिल आणि दुसरीकडे राबणारे परळ उभे राहते, ते एकदम आभाळातून पडलेले नाही. बापूरावांनी जी फट ठेवली होती, तीच अण्णाभाऊंनी कुदळ घालून रुंद केली, असे मी म्हणेन.

टिकाऊपणाचे श्रेय नेहमी ठेक्याला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा भाषेत सुराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो, म्हणून तिथला 'बोलका ढोल' खरोखर वाक्ये बोलू शकतो. पुढे शहरी मंडळींनी गिटार घेतली, ॲकॉर्डियन घेतले; तरी त्यांच्या जुजू संगीतात हा ढोल बोलत राहिला. मराठीत सूर असा अर्थ बदलत नाही. आपली ढोलकी वाक्य बोलत नाही, ती वाक्याला जागा करून देते. कवनाची ओळ संपते, झीलकरी ती उचलून धरतात, तुणतुणे चालूच असते, आणि तेवढ्या अवकाशात ऐकणारा ओळ स्वतःच्या जिण्याला लावून पाहतो. छापील संग्रहात नेमका हा अवकाश हरवतो. शब्द हाती येतात आणि गाणे पातळ वाटते.

'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड या दृष्टीने पाहावी. आरंभी मैनेचे रूप येते, अगदी जुन्या शाहिरी वळणाने. मग निरोप, मग मुंबई. आणि शेवटाकडे बेळगाव-कारवार हातचे गेल्याचे दुःख त्याच विरहात मिसळते. गिरणीत आलेल्या माणसाला संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा समजावून सांगायची गरजच उरली नाही. बायको गावाकडे राहिल्याची कळ त्याला ठाऊक होती. १९६० साली राज्य झाले, बेळगाव बाहेर राहिले. पण केवळ त्यामुळे हे गाणे जिवंत आहे असे मला वाटत नाही. बेळगावचा प्रश्न ज्यांना धड माहीत नाही, अशी पोरेही ते म्हणतात. पोटासाठी गाव सोडणे थांबलेले नाही, एवढेच.

१९४४ साली अमरशेख आणि गवाणकर यांच्यासह अण्णाभाऊंनी लाल बावटा कलापथक उभे केले. गणातला गणपती काढून त्यांनी मायभूमीला वंदन केले. याला कोणी तमाशाची मोडतोड म्हणो. माझ्या मते ती तमाशाच्या जाणकाराने केलेली डागडुजी होती. आतला माणूसच कुठली भिंत काढली तरी छप्पर राहील हे जाणतो.

मात्र एक हिशेब बाकी आहे. बापूरावांनी वतनाची प्रतिष्ठा सोडून फड धरला, याचे कौतुक प्रत्येक चरित्रात आहे, आणि ते रास्तच आहे. पण ज्या महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी ती कवने गळ्यात आणि हातात सांभाळली, त्यांना सोडायला वतन नव्हते. पवळेचे नाव उरले, तेही बहुधा बापूरावांच्या गोष्टीतली नायिका म्हणून. गायिका म्हणून तिचा विचार क्वचितच होतो. ढोलकीवाला, हलगीवाला, कडे वाजवणारा आणि मागे झील धरणारे दोघेतिघे यांची नोंद तर कवनांच्या संग्रहात शोधूनही सापडत नाही.