नोंद कुठे गळते?

मंडळी, माथेरानला बसून सिस्टिम लॉगिंगवर बोलायचं, तर शार्लोट तलावाचं उदाहरण सोपं आहे. पावसाळ्यात तो भरला की वरचं पाणी वाहून जातं. लॉग सॉफ्टवेअरमधली रांगही तशीच.

१९८०च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेलसाठी सिसलॉग लिहिलं. पुढे संदेश यूडीपीवरून जाऊ लागले. त्यात पोच नाही, त्यामुळे काय हरवलं तेही कळत नाही. आरसिसलॉगनं मेमरी भरल्यावर डिस्कवर उतरणारी रांग दिली, पोच मागणारा रेल्पही आणला. जर्नलडी एका सेवेला ३० सेकंदांत मुळात १०,००० संदेशांची मर्यादा घालतं. वरचे गाळतं, पण किती गाळले ते लिहून ठेवतं.

आमची टीका इथेच आहे. 'वेग वाढवला' म्हणतात तेव्हा बरेचदा डिस्कवर लिहिणं फक्त लांबवलेलं असतं. वीज गेली की शेवटच्या ओळी जातात, आणि बिघाडाचं कारण नेमकं त्यांतच असतं. म्हणून सेकंदाला किती संदेश, हे आपण नंतर विचारू. आधी विचारू: किती गळले, आणि त्याची नोंद कुठे आहे?