संज्ञापनविद्येच्या चर्चासत्रात वाढवण कोठे आहे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी पीएच.डी. संशोधकास प्रबंध सादर करण्यापूर्वी दोन निबंधवाचने सक्तीची केली होती. नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी ती सक्ती उठवली. संशोधन सल्लागार समितीपुढील प्रत्येक सत्रातील सादरीकरण मात्र कायम ठेवले. प्रमाणपत्रापुरती भरणारी चर्चासत्रे यामुळे घटली, तर शोक करण्याचे कारण नाही. जी उरतील त्यांत काय विचारले जाते, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

संज्ञापनविद्येच्या चर्चासत्रांत सामान्यतः नमुन्याचा आकार, प्रश्नावलीची विश्वसनीयता व संदर्भ देण्याची पद्धत यांविषयी विचारणा होते. ती आवश्यकच आहे. परंतु उत्तरदाता कोणत्या भाषेत बोलला, ते कोणी कोणत्या भाषेत टिपून घेतले आणि तक्त्यात येईपर्यंत त्याचे काय झाले, हे क्वचितच विचारले जाते. अन्य विद्याशाखांत ही त्रुटी ठरेल. येथे तो अभ्यासविषयच आहे.

डहाणू तालुक्यातील वाढवणचे उदाहरण घेऊ. १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये नेमलेल्या, न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने १९९८ मध्ये येथील बंदरास नकार दिला; त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये अनुमती दिली. १९ जानेवारी २०२४ रोजी पालघर येथे जनसुनावणी झाली, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मान्यता दिली आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. यावर 'वृत्तपत्रांतील वाढवण' असा आशयविश्लेषणाचा विषय सुचणे स्वाभाविक आहे. बातम्या मोजल्या जातील, अनुकूल-प्रतिकूल असे स्तंभ भरतील आणि चर्चासत्रात हे सारे निर्विघ्न पार पडेल.

त्याहून समृद्ध साधन जनसुनावणीच्या दप्तरात आहे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबरच राज्याच्या अथवा स्थानिक भाषेत द्यावा लागतो, संपूर्ण कार्यवाहीचे चित्रीकरण करावे लागते आणि शेवटी तिचा गोषवारा स्थानिक भाषेत समजावून सांगावा लागतो. म्हणजे एकाच प्रसंगाची बोललेली व लिहिलेली अशी दोन रूपे अभ्यासकास मिळू शकतात. किनाऱ्यावर मांगेली व वाडवळी बोलल्या जातात. आत तलासरीकडे वारली. यांपैकी 'स्थानिक भाषा' कोणती? मच्छीमाराने आपल्या बोलीत केलेला युक्तिवाद इतिवृत्तात 'उपजीविकेबाबत चिंता व्यक्त केली' एवढ्या ओळीत मावला असेल, तर काय गळाले? बंदराच्या बाजूने बोलणाऱ्यांबाबतही हेच विचारले पाहिजे. अन्यथा ते संशोधन न राहता वकिली होईल.

येथे एक अडचणीचे साम्य दिसते. २०२२ च्या विनियमांत प्रबंधपूर्व सादरीकरण सर्व अध्यापकांना व संशोधकांना खुले आहे आणि तेथे आलेल्या अभिप्रायांचा प्रबंधात यथोचित समावेश अपेक्षित आहे. जनसुनावणीतील हरकतींचेही अंतिम अहवालात असेच निरसन करावयाचे असते. 'यथोचित' कोणी ठरवायचे, हे दोन्हीकडे बोलणाऱ्याच्या हाती नसते. ज्याने स्वतःच्या सादरीकरणात हा अनुभव घेतला आहे, त्या संशोधकास सुनावणीचे इतिवृत्त वाचण्याची दृष्टी खरे तर आपोआप लाभावयास हवी. तसे होत नाही, कारण चर्चासत्राकडे संज्ञापनाचा प्रसंग म्हणून पाहण्याची आपली रीत नाही.

महाराष्ट्राला याहून चांगली परंपरा आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकरी श्रोतामंडळे चालवली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम होई, गावकरी त्यावर चर्चा करीत आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे परत जात. मूल्यमापन करणाऱ्या पॉल न्यूराथ यांनी श्रोतामंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी केली. तो प्रकल्प शासकीय विकासकल्पनेच्या चौकटीतला होता, हे मान्य. परंतु ऐकणाऱ्याचे बोलणे परत येण्याची वाट त्याच्या रचनेतच होती.

म्हणून सूचना अशी की, क्षेत्रीय प्रबंधाचे किमान एक सादरीकरण त्या क्षेत्रातच व्हावे. वाढवणवर लिहिणाऱ्याने आपले प्रकरण वाढवण किंवा वरोरला, ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांच्यापुढे, मराठीत वाचावे. बोलीतील हरकती बोलीतच टिपून घ्याव्यात आणि ते टिपण सल्लागार समितीच्या अहवालास जोडावे. प्रवासखर्चाचा प्रश्न निघेलच. दोन दिवसांच्या राष्ट्रीय चर्चासत्रातील स्मृतिचिन्हांच्या व शालींच्या खर्चातून तो भागू शकेल.