नदीकाठचा अनामिक
(एका जपानी रहस्यकादंबरीच्या निमित्ताने)

रहस्यकथा हा आमच्या नित्याच्या वाचनाचा प्रांत नव्हे. सेमिनरीतील दिवसांनी तत्त्वज्ञानाची आणि ईशज्ञानाची गोडी लावली. पुढे धर्मग्रामाच्या कामातून जो वेळ उरला तो चरित्रे आणि निबंध यांत गेला. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर आपल्या नावात वसईचा अर्नाळा वागवीत होते, याचे कौतुक मात्र आम्हांला नेहमी वाटत आले. असे असता केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' ही कादंबरी एका महाविद्यालयीन वाचकाच्या आग्रहाखातर आम्ही हाती घेतली आणि दोन रात्रींत संपविली. मूळ ग्रंथ २००५ सालचा. २००६ साली त्यास जपानमधील प्रतिष्ठेचे नाओकी पारितोषिक मिळाले. अलेक्झांडर स्मिथ यांचा इंग्रजी अनुवाद २०११ साली निघाला. आम्ही वाचला तो हा अनुवाद. पुढील विवेचनात रहस्याचा उलगडा करणे आम्हांस अपरिहार्य आहे. ज्यांना कादंबरी वाचावयाची आहे, त्यांनी हे पान तूर्त मिटून ठेवावे.

खून कोणी केला हे येथे पहिल्याच प्रकरणात कळते. टोकियोतील यासुको ही डबे विकणाऱ्या दुकानात काम करणारी स्त्री. मुलगी मिसातो हिच्यासह ती भाड्याच्या घरात राहते. घटस्फोटित पती तोगाशी पैशासाठी छळ मांडीत घरापर्यंत येतो; झटापट होते; मायलेकींच्या हातून तो मारला जातो. शेजारच्या खोलीत राहणारा गणिताचा शिक्षक इशिगामी दार ठोठावतो आणि सारे निस्तरण्याची जबाबदारी आपल्या शिरावर घेतो. पुढे नदीकाठी चेहरा विद्रूप केलेले, बोटांचे ठसे जाळलेले एक प्रेत सापडते. पोलीस यासुकोला १० मार्चच्या सायंकाळचा हिशेब विचारतात. ती चित्रपटाला गेली होती, मुलीसह जेवली, गाणी म्हटली. आणि ते सारे अक्षरशः खरे असते. गुप्त पोलीस कुसानागी थकून आपला मित्र, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक युकावा, याच्याकडे जातो. युकावा हा इशिगामीचा विद्यापीठातील सहाध्यायी. त्याच्या मते इशिगामी हा असामान्य प्रतिभेचा गणिती; घरच्या परिस्थितीमुळे संशोधन सोडून, गणिताचा कंटाळा असलेल्या मुलांपुढे खडू झिजवीत राहिलेला.

कोडे असे सुटते. तोगाशी मेला तो आदल्या दिवशी. नदीकाठी सापडलेले प्रेत तोगाशीचे नव्हेच. ते होते एका बेघर माणसाचे, ज्यास इशिगामीने दुसऱ्या दिवशी, १० मार्चला, ठार केले. यासुकोजवळ त्या दिवसाची खरी साक्ष असावी, एवढ्यासाठी एका अनोळखी जिवाचा बळी गेला. आपण परीक्षेत प्रश्न कसे काढतो हे इशिगामी एके ठिकाणी सांगतो: वरून भूमितीचा वाटावा, आतून बीजगणिताचा असावा. कादंबरीही तशीच रचलेली आहे.

बायबलचे इंग्रजी भाषांतर करणारे मॉन्सिन्योर रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले होते. धर्मगुरूने आज्ञा लिहाव्यात त्याही दहाच, हा विनोद त्यांना ठाऊक असणारच. त्या नियमांचे सार इतकेच की, वाचकापासून धागेदोरे लपवू नयेत. हिगाशिनो यांनी हा न्याय पाळला की नाही, यावर जपानमध्ये पुस्तक निघाल्यावर बराच वाद झाला. आमच्या मते पाळला. पहिल्याच प्रकरणात इशिगामी सुमिदा नदीच्या काठाने शाळेत जातो. वाटेत निळ्या ताडपत्र्यांच्या झोपड्या, डबे चेपणारा एक जण, कुत्री फिरविणारी एक वृद्धा. आणि एक नवखा माणूस, अजून नीटनेटका, हातात कारखानदारीविषयीचे मासिक. आज ना उद्या काम मिळेल ही आशा त्याने सोडलेली नाही. इशिगामीने त्यास मनातल्या मनात 'इंजिनिअर' असे नाव दिले आहे. धागा समोर असतो. वाचक ती पाने पार्श्वभूमी समजून ओलांडतो, जसे आपण स्थानकाच्या जिन्यावर बसलेल्यांना ओलांडतो. आम्हीही ओलांडली. आम्हांस लाभलेला आनंद बुद्धीचा होता, हे निःसंशय. परंतु शेवटी मागे वळून ती पाने पुन्हा उघडली तेव्हा त्या आनंदाला एक बोच लागली. आमच्या आवडीच्या गंभीर ग्रंथांपैकी फार थोड्यांनी आम्हांस असे वागविले आहे.

मूळ जपानी शीर्षकात 'केन्शिन' हा शब्द आहे. त्याच्या दोन चित्राक्षरांचा अर्थ अर्पण आणि देह. दररोज वेदीपाशी उभ्या राहणाऱ्यास हा शब्द सहज ओलांडता येत नाही. इशिगामीचे समर्पण लहानसे नाही. गळफासाची तयारी करून तो उभा असताना दारावरची घंटा वाजली होती. शेजारी नव्याने राहावयास आलेल्या मायलेकी ओळख करून घ्यावयास आल्या होत्या. त्या दिवसापासूनचे आयुष्य तो त्यांचे ऋण मानतो आणि काहीही न मागता ते परत करू पाहतो. यासुकोचे मन दुसऱ्या एका गृहस्थाकडे वळत असल्याचे दिसल्यावरही तो मागे हटत नाही. शेवटी, आपण तिचा पाठलाग करणारे विकृत मनुष्य आहोत असे सोंग घेऊन तो पोलिसांच्या स्वाधीन होतो. बहुतेक वाचकांचे डोळे येथे पाणावतात, आणि ते आम्ही समजू शकतो.

परंतु अर्पण झाला तो देह आधी दुसऱ्याचा. यापेक्षाही आम्हांस अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट युकावा उलगडून दाखवितो. आपला निर्धार डळमळू नये, चौकशीत आपण मागे फिरू नये, म्हणून इशिगामीला खरोखरीचा खून करणे आवश्यक वाटले. खोट्या कबुलीला आधार म्हणून खरे पाप! पापनिवेदन ऐकण्यात ज्याची इतकी वर्षे गेली, त्यास यापेक्षा विलक्षण निवेदन कल्पिता येणार नाही. शिवाय या व्यवहारात यासुकोचा वाटा काय? तिच्या अपराधाची जड बाजू इशिगामी उचलतो आणि ती उचलताना तिची कबुली देण्याची वाटही बंद करतो. काय घडले हे तिला कळूही नये, अशी त्याची योजना आहे. आपल्या घरांतही असे समर्पण आढळते. मुलासाठी, भावासाठी कोणी सारे सोसतो. ज्याच्यासाठी सोसले त्यास विचारलेले नसते. युकावाकडून सत्य कळल्यावर आणि मिसातोने स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केल्यावर यासुको पोलीस ठाण्यात धावत येते, जमिनीवर वाकते आणि आपल्यालाही शिक्षा व्हावी असे म्हणते. त्या एका क्षणी ती कोणाच्या कृपेवर जगणारी स्त्री राहत नाही. इशिगामी मात्र गुरासारखा हंबरडा फोडतो.

दोष सांगितले पाहिजेत. मधली प्रकरणे डब्याच्या दुकानाभोवती फार वेळ घुटमळतात. यासुकोचे अंतरंग लेखकाने पातळ रेखाटले आहे; तिच्या मुलीचे तर त्याहून पातळ. युकावाची हुशारी कधी कधी लेखकाच्या सोयीने चालते. मात्र या प्राध्यापकाच्या तोंडी एक विचार येतो आणि त्याने सारे दोष झाकून जातात: जगाच्या यंत्रात निरुपयोगी असे एकही चाक नसते, आणि चाकाचा उपयोग कोणता हे ठरविण्याचा अधिकार केवळ त्या चाकाचा असतो. हे तो इशिगामीला उद्देशून बोलतो, त्याच्या वाया गेलेल्या प्रतिभेविषयी. आम्हांस ते नदीकाठच्या त्या माणसालाच अधिक लागू वाटले. त्याला काम मिळेल असे सांगून इशिगामीने नेले होते. त्याचे खरे नाव कादंबरीत येत नाही. जे आहे ते खुन्याने ठेवलेले. अखेरच्या दृश्यातील सर्व अश्रू जिवंतांसाठी आहेत. लेखकाने हे जाणूनबुजून केले, की त्याचेही लक्ष तेथून ढळले, याविषयी आमचे मत अजून स्थिर झालेले नाही. दोनदा वाचूनही.

हिंदीत २०२३ साली या कथेवरून 'जाने जान' हा चित्रपट निघाला. कथा कालिम्पाँगला नेली आहे आणि आईचे नाव माया डिसोझा ठेवले आहे, त्यामुळे आपल्याकडील काही कुटुंबांनी तो कुतूहलाने पाहिला असेल. चित्रपट पाहिलेल्यांनीही पुस्तक जरूर वाचावे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हाती देण्यास आमची हरकत नाही, मात्र घरातील कोणी मोठ्याने ते आधी वाचलेले असावे, आणि जेवणाच्या वेळी त्या 'इंजिनिअर'चा विषय काढावा.